सेंट्रेलिया: रस्ते आहेत, घरं नाहीत

डोंगरवाट

गेल्या ऑक्टोबरात आई सांगलीहून आमच्याकडे हॅरिसबर्गला आली होती. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, न्यू जर्सीतलं देऊळ झालं. "आता काय राहिलं?" म्हणाली. म्हटलं, एक गाव दाखवतो, पण तिथे गाव नाही. "मग बघायचं काय?" असं तीनदा विचारून तिने दशम्यांचा डबा भरला आणि आम्ही निघालो.

पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यातलं सेंट्रेलिया आमच्यापासून दीडेक तासावर. ॲशलंड हे खाणकामगारांचं जुनं गाव ओलांडून चढ चढला की एक चौक लागतो. चौकातून डांबरी रस्ते, त्यांना काटकोनात गल्ल्या, आणि मधे घरांच्या जागी नुसती झाडं. मी धूर शोधत होतो, कारण इंटरनेटवर या गावाचे सगळे फोटो धुराचे. धूर काही दिसला नाही. आई खाली बघत चालली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "हे बघ, इथे एक घर होतं. आणि इथे एक." रस्त्याची कड मधूनमधून खाली उतरवलेली होती, दारात गाडी घ्यायला करतात तशी. आत गाडी नाही, दार नाही, गवत माजलेलं. उतार तेवढे शिल्लक. एका गल्लीत तिने असे सहा मोजले.

घरी आल्यावर जमेल ते वाचलं. ते इथे मांडतो, चुकलं तर सांगा.

१८४२ मध्ये एका कोळसा-लोखंड कंपनीने इथली जमीन घेतली. १८५४ मध्ये अलेक्झांडर रे या खाण इंजिनियरने गावाची आखणी केली. त्याच वर्षी रेल्वे आली, १८५६ मध्ये पहिल्या दोन खाणी सुरू झाल्या आणि १८६६ मध्ये नगरपालिका झाली. दोनच वर्षांनी, १७ ऑक्टोबर १८६८ ला, रेचाच गावाबाहेरच्या रस्त्यावर खून झाला. आयरिश खाणकामगारांची 'मॉली मॅग्वायर्स' ही गुप्त संघटना तेव्हा गाजत होती, तिच्यावर आळ आला. दहा वर्षांनी तिघांना फाशी दिलं.

१८९० मध्ये वस्ती २,७६१. हा कळस. सात चर्च, पाच हॉटेलं, दोन नाट्यगृहं, एक बँक आणि दारूचे गुत्ते २७. बायकापोरं वगळली तर एका गुत्त्यामागे गिऱ्हाइकं किती पडत असतील याचा हिशोब मी गाडीत करत होतो. आई म्हणाली, गाडीकडे लक्ष दे.

मग उतार. १९२९ च्या मंदीत खाण कंपनीने इथल्या पाच खाणी बंद केल्या. बेकार झालेले लोक बंद खाणींमध्ये चोरून उतरायचे आणि हाताने कोळसा काढायचे. १९६० च्या जनगणनेत माणसं उरली होती १,४३५, म्हणजे निम्मी. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आग अजून लागलेलीच नाही.

आग लागली २७ मे १९६२ ला. अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डे असतो, लोक कबरींवर फुलं वाहायला येतात. गावाचा कचरा टाकायचा खड्डा नेमका कबरस्तानाशेजारी, एका जुन्या उघड्या खाणीत होता. पाहुणे येणार, वास नको, म्हणून नगरपालिकेने गावच्या हौशी अग्निशमन पथकाकडून कचरा पेटवून घेतला. नेहमीसारखा विझवलाही. दोन दिवसांनी पुन्हा ज्वाळा. पुन्हा विझवला, पुन्हा पेटला. मग कचरा उपसल्यावर खड्ड्याच्या भिंतीच्या तळाशी सुमारे पंधरा फूट रुंदीचं भोक सापडलं. ते बुजवायचं राहूनच गेलं होतं. त्यातून विस्तव खालच्या कोळशाच्या थरात उतरला, आणि आज साठ वर्षांच्या वर झाली, तो तिथेच आहे.

सगळीकडे 'आगीने गिळलेलं गाव' असंच छापतात. मला ते अर्धंच पटतं. माझ्या मते गाव कोळशाने वसवलं आणि कोळशानेच सोडलं. आगीने फक्त तारीख ठरवली.

चहाबाज

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशाला एक आग विझवता येऊ नये? पाणी ओता की राव.

मिरजेची_सुमन

आईंनी उतार मोजले ते वाचून थांबलेच जरा. पूर आला की आमच्याकडे भिंतीवरच्या रेघा मोजतात तसं. बाकीची गोष्ट लिहा ना, माणसांचं पुढे काय झालं?

खाणकरी

चहाबाज, प्रश्न बाळबोध नाही. माझी नोकरी सगळी वर्धा खोऱ्यातल्या भूमिगत खाणींमध्ये गेली, तेव्हा थोडं सांगू शकतो.

भूमिगत खाण म्हणजे एक पोकळी नव्हे. बोगद्यांचं जाळं असतं आणि मधे छत पेलायला कोळशाचेच खांब सोडलेले असतात, ज्यांना आम्ही पिलर म्हणतो. खाण संपत आली की हे पिलरही काढतात, त्याला डिपिलरिंग म्हणतात. ते रीतसर केलं तर मागे छत कुठे आणि कसं बसणार याचा हिशोब असतो, काही ठिकाणी पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरतात. धागाकर्त्याने लिहिलेले चोरून उतरणारे लोक हे पिलरच कुरतडत होते, कारण हाताशी तेवढाच कोळसा. हिशोब नाही, नकाशा नाही. त्यामुळे छत ठिकठिकाणी वेडंवाकडं बसलं आणि वर जमिनीपर्यंत भेगा गेल्या. पुढे आग लागल्यावर त्याच भेगांनी खाली हवा पुरवली.

आता पाणी. वरून ओतलेलं पाणी उताराने वाहून तळाला जातं, आग जिथे आहे तिथे टिकत नाही. आणि एका टप्प्यात आग विझली असं धरलं तरी भोवतीचा खडक तापलेला असतो. खडक निवायला वर्षं लागतात. तोवर कुठून तरी हवा मिळाली की पुन्हा पेट. चूल सारवली तरी राखेखाली निखारा राहतो, तसं.

खरा उपाय एकच: आगीच्या पुढे जाऊन खोल चर खणायचा, कोळशाचा थर तोडायचा आणि चर मातीने भरायचा. म्हणजे पुढे जळायला काही उरत नाही. फक्त चर खणून होईपर्यंत आग तिथे पोचलेली नसावी. तिथे नेमकं तेच हुकलं असणार.

डोंगरवाट

खाणकरी, तेच झालं. १९६२ च्या ऑगस्टमध्ये खोदकाम सुरू झालं, ऑक्टोबरात पैसे संपले, काम बंद. मग भोकं पाडून त्यातून दगडाचा चुरा आणि पाणी सोडायचं ठरलं. त्या हिवाळ्यात पाण्याच्या नळ्याच गोठल्या. ते पैसेही संपले. त्यानंतर चर खणायला घेतला, तर आग चर ओलांडून पुढे गेलेली. दर खेपेला मंजूर रक्कम आगीपेक्षा एक पाऊल मागे. पुढे औष्णिक केंद्रातली राख भोकांतून भरून भिंत घालायचा प्रयत्नही झाला.

१९८३ मध्ये पूर्ण आग खणून काढायचा अंदाज निघाला, ६६ कोटी डॉलर. गावात तेव्हा हजारभर माणसं. पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने लोकांना हलवायला ४ कोटी २० लाख मंजूर केले. चहाबाज, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांच्या फरकात आहे.

सुमनताई, माणसांचं सांगतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत बऱ्याच जणांनी आगीला गावातल्या एखाद्या वेडसर नातेवाइकासारखं खपवून घेतलं होतं. काही अंगणांत हिवाळ्यात बर्फच टिकत नसे. मग १९७९ मध्ये जॉन कॉडिंग्टन या पेट्रोलपंपवाल्याने, जो गावचा महापौरही होता, जमिनीखालच्या टाकीत किती पेट्रोल आहे ते बघायला पट्टी घातली. पट्टी बाहेर काढली तर गरम. थर्मामीटर दोरीला बांधून सोडला, तर पेट्रोलचं तापमान ७७ अंश सेल्सिअसच्या पुढे. पेट्रोलच्या टाकीचं.

आणि १४ फेब्रुवारी १९८१. बारा वर्षांचा एक मुलगा आजीच्या परसात उभा होता. पायाखालची जमीन गेली. तो झाडाचं मूळ धरून लोंबकळत राहिला आणि चौदा वर्षांच्या चुलतभावाने त्याला ओढून वर काढलं. विवर सुमारे दीडशे फूट खोल निघालं, आणि त्यातून येणाऱ्या वाफेत कार्बन मोनॉक्साइड इतका की पडला असता तर आपटण्याआधीच गेला असता. योगायोग असा की त्याच दिवशी खासदार आणि अधिकारी आगीची पाहणी करायला गावात आले होते. दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत सेंट्रेलिया.

वर्धाकाठ

भाऊ, हे वाचून अंगावर काटा आला. मी घुग्घूसचा, चंद्रपूर जिल्हा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे आमराई वॉर्डात एक अख्खं घर असंच जमिनीत गेलं. वर नुसता खड्डा. हादरा बसला तशी घरातली माणसं बाहेर पळाली म्हणून वाचली. खाली जुनी, कधीची बंद पडलेली खदान. मग आजूबाजूच्या घरांतल्या लोकांनाही हलवलं.

आमचे बाबा कोलरीत, म्हणजे कोळशाच्या खदानीत, ओव्हरमन होते, पाळीवर देखरेख करणारे. लहानपणी आम्ही झोपायचो तेव्हा कधीकधी जमीन हलकीशी थरथरायची. बाबा कुशीवर वळून म्हणायचे, "गोफ बसला." म्हणजे पिलर काढलेल्या जागेचं छत खाली आलं. आणि पुन्हा घोरायले लागायचे. आईला ते कधीच जमलं नाही. ती पहाटेपर्यंत जागीच.

शिफ्टच्या भोंग्यावर आमचा सगळा दिवस चालायचा. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की शाळेचा डबा. आता भूमिगत खदान बंद, माणसं ओपन कास्टवर, म्हणजे वरून उघड्या खदानीवर, भोंगा नाही. कंपनीच्या जुन्या क्वार्टरांत अर्ध्या खोल्यांना दारं नाहीत. आमच्या गावाले आग नाही लागली जी, पण डोंगरवाट म्हणतात तो 'कोळशाने सोडलं' हा भाग मला पुस्तकातून वाचावा लागत नाही.

अभ्यासू_नंदू

थोडा वेगळा सूर लावतो. आग लागण्याची जी गोष्ट धाग्यात ठामपणे लिहिली आहे तिच्यावर वाद आहे. काही जण म्हणतात की कचरागाडीवाल्याने गरम राख खड्ड्यात ओतली. काही म्हणतात की जवळच्या खाणीतली १९३२ ची आग कधी पूर्ण विझलीच नव्हती आणि तीच सरकत आली. नगरपालिकेने पेटवलं हे बहुतेकांना मान्य आहे, पण ते एकमेव म्हणणं नाही.

दुसरं म्हणजे हे लोक आधीच का उठले नाहीत? बारा वर्षांचं पोर खड्ड्यात पडेपर्यंत कशाची वाट बघत होते? दिलेले पैसे घ्या आणि निघा, इतकं साधं आहे.

मिरजेची_सुमन

नंदू, साधं कसं? घर विकून निघायचं तर विकत घेणार कोण? पायाखाली विस्तव असलेल्या घराला गिऱ्हाईक येतं का? १९८४ पर्यंत बहुतेकांच्या हाती पैसेच नव्हते, मग ते घेणार काय आणि निघणार कुठे?

डोंगरवाट

नंदू, वादाचा मुद्दा मान्य, मी एकच बाजू लिहिली. दुसऱ्या मुद्द्यावर मी सुमनताईंकडे.

१९८३ मध्ये गावात मतदान झालं. हलवायच्या बाजूने ३४५, विरोधात २००. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की विरोधातल्या दोनशेंना अक्कल नव्हती. पण आग गावाच्या एका अंगाला होती. त्या अंगाच्या घरांत कार्बन मोनॉक्साइड मोजायची यंत्रं बसवलेली, रात्री ती वाजली की मुलांना उचलून बाहेर. दुसऱ्या अंगाच्या लोकांना ना वास, ना धग. ते म्हणायचे, तुमच्या घाबरटपणापायी आमचं घर जातंय. एकाच चर्चमध्ये जाणारे लोक एकमेकांशी बोलेनासे झाले. हे मला आगीपेक्षा भयंकर वाटलं.

त्यात एक संशय होता, जो राहिलेल्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. गावाखालच्या कोळशाचे हक्क १९५० मध्ये नगरपालिकेने स्वतःकडे घेतले होते. म्हणजे गाव आहे तोवर खालचा कोळसा गावाचा. गाव उठलं की कोळसा सरकारचा. मग, ते म्हणायचे, आग हे निमित्त, डोळा कोळशावर. आजवर तो कोळसा काढायला कोणी आलेलं नाही. तरी घरी आलेल्या सरकारी माणसावर तुम्ही किती विश्वास ठेवाल, हे आधीच्या वीस वर्षांत त्याने काय केलं त्यावरच ठरणार ना?

पुढचं भराभर सांगतो. हजारभर लोक पैसे घेऊन गेले, बरेचसे शेजारच्याच गावांत. पाचशेच्या वर इमारती पाडल्या. १९९० मध्ये उरले ६३. १९९२ मध्ये गव्हर्नर बॉब केसी यांनी उरलेली घरं सक्तीने संपादित केली. लोक कोर्टात गेले, हरले, तरी उठले नाहीत. २००२ मध्ये टपाल खात्याने पिनकोड काढून घेतला. शेवटी २०१३ मध्ये तडजोड झाली: जे सात-आठ जण उरलेत त्यांनी मरेपर्यंत राहावं, नंतर घर सरकारचं. २०२० च्या जनगणनेत पाच माणसं.

एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. ही घरं मुळात चाळीसारखी एकमेकांना चिकटून बांधलेली, दोन घरांत भिंत एकच. दोन्ही बाजूंचे शेजारी गेले, त्यांची घरं पाडली, आणि मधलं घर एकटं राहिलं की त्याच्या भिंतींना आधारच उरत नाही. म्हणून मग बाहेरून विटांचे जाड खांब बांधून भिंत पेलली जाते. लांबून वाटतं की या अरुंद घराला इतकी धुराडी कशाला? जवळ गेल्यावर कळतं, ही धुराडी नाहीत. शेजाऱ्यांच्या जागी बांधलेल्या विटा आहेत.

खाणकरी

वर्धाकाठ, "गोफ बसला" वाचून हसलो. माझ्या घरीही हेच वाक्य होतं.

विटांच्या खांबांचं वर्णन वाचलं. आम्ही खाली करतो तेच त्यांनी वर केलं.

तोक्योवासी

या धाग्यावर नागासाकीजवळच्या हाशिमा बेटाची आठवण होणं साहजिक आहे. मी पाहून आलोय. मित्सुबिशीने १८९० मध्ये बेट घेतलं, समुद्रतळाखालचा कोळसा काढला. जेमतेम ६.३ हेक्टरच्या तुकड्यावर १९५९ मध्ये ५,२५९ माणसं राहत होती, काँक्रीटच्या नऊ-दहा मजली चाळींमध्ये. युद्धकाळात कोरियन आणि चिनी मजुरांना तिथे जबरदस्तीने राबवलं, तो वाद अजून धुमसतोय. मग देश तेलाकडे वळला. जानेवारी १९७४ मध्ये कंपनीने खाण बंद केली आणि २० एप्रिलला शेवटचा माणूस बोटीत बसला. बेट, घरं, खाण, सगळं एकाच मालकाचं, त्यामुळे तीन महिन्यांत निकाल. मतदान नाही, कोर्ट नाही, मागे राहणारं कोणी नाही.

कोणतं बरं, ते मला सांगता येणार नाही.

चहाबाज

तोक्योवासी, तीन महिन्यांत?! आमच्या सोसायटीचं पुनर्विकासाचं प्रकरण अकरा वर्षं चाललंय.

अवांतर: तो रंगवलेला रस्ता बघितला का? रीलमध्ये नेहमी दिसतो.

डोंगरवाट

तो आता नाही. जुना ६१ नंबरचा रस्ता आगीने खचला, भेगा पडून वाफा यायला लागल्या म्हणून नव्वदच्या दशकात कायमचा बंद केला आणि वाहतूक वळवली. रिकाम्या डांबरावर पोरांनी स्प्रेने नावं, चित्रं, प्रेमाच्या आणाभाका काढून काढून सगळा रंगवला. टाळेबंदीच्या सुरुवातीला लोक घरी बसायचे सोडून तिथे गर्दी करायला लागले, तेव्हा जागेच्या मालकाने एप्रिल २०२० मध्ये ट्रकच्या ट्रक माती आणून तो पुरूनच टाकला. आम्ही गेलो तेव्हा मातीच्या ढिगांवर झुडपं उगवलेली.

बघण्यासारखं आहे ते डोंगरावरचं युक्रेनियन चर्च, १९११ चं. पांढरं, निळे घुमट. ते वाचलं कारण त्याच्याखाली कोळसा नाही, घट्ट खडक आहे. गाव सोडून गेलेले लोक तिथे अजून प्रार्थनेला येतात, ऑगस्टमध्ये यात्राही भरते. आई तिथे बराच वेळ बसली. दशम्या आम्ही तिथल्याच कठड्यावर खाल्ल्या. समोरच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या.

वर्धाकाठ

यात्रेचं वाचून बरं वाटलं. गाव गेलं तरी जत्रेले लोक येतात.

आग अजून किती वर्षं चालेल म्हणतात?

डोंगरवाट

अडीचशे वर्षं पुरेल इतका कोळसा खाली आहे असं म्हणतात. आपल्याकडे झारखंडच्या कोळसापट्ट्यात, झरियात, १९१६ पासून जळतंय आणि तिथे तर वर लाखोंची वस्ती आहे. त्यावर तिथल्याच कोणी वेगळा धागा काढला तर बरं.

मिरजेची_सुमन

आईंना काय वाटलं सगळं बघून? काही म्हणाल्या का?

डोंगरवाट

फार नाही. परतताना ॲशलंडला थांबलो. तिथे एका जुन्या खाणीत पर्यटकांना छोट्या गाडीतून डोंगराच्या पोटात नेतात, अंगात स्वेटर असूनही गारठलो. बाहेर रस्त्याकडेला अँथ्रासाइटचा मुठीएवढा तुकडा पडला होता, काचेसारखा चकाकणारा, हाताला काळं लागत नाही. तो तिने रुमालात बांधून सांगलीला नेला.

खाणकरी

अँथ्रासाइट म्हणजे कोळशातला सगळ्यात कडक. सुरुवातीला तिकडच्या लोकांना तो कोळसा वाटेचना, दगडच समजायचे, कारण साध्या चुलीत पेटत नसे. आईंना सांगा, शेगडीत घालून उपयोग नाही.

डोंगरवाट

उशीर झाला. तिने संक्रांतीला बंबात घालून बघितला. गोवऱ्या संपल्या, बादलीभर पाणी तापलं, आणि हा राखेतून जसाच्या तसा बाहेर. आता वर्तमानपत्रावर ठेवते, पंख्याने उडू नये म्हणून.